गुळाचा खडा आणि घोडीचे पाय

आमच्या मालवणी माणसाला बांगड्याच्या डोळ्याकडे नुसते पाहून तो आजचा की कालचा, हे अचूक सांगता येते. पण घोड्याचा कोणता पाय दुखतो असे त्याला विचारा. तो आधी तुमच्याकडे पाहील, मग घोड्याकडे पाहील आणि शेवटी समुद्राकडे पाहू लागेल. यात त्याचा दोष नाही. चढउतार, भाताची खाचरे आणि पावलोपावली खाड्या असा हा मुलूख. इथला प्रवास व्हायचा तो होडीतून, बैलगाडीतून आणि बहुधा स्वतःच्याच पायांनी. घोडा आमच्या वाट्याला आला तो इतिहासाच्या पुस्तकातला.

मी तर मराठीचा प्राध्यापक. माझा घोड्याशी संबंध बखरीपुरता. घोडा स्वतःचा असेल तर शिलेदार आणि सरकारी असेल तर बारगीर, ही व्याख्या माझे विद्यार्थी झोपेतही सांगतील. पण तो घोडा खातो किती, आणि आजारी पडला तर कशाने पडतो, याचा विचार मी उभ्या जन्मात केला नव्हता. तो करण्याची पाळी माझ्यावर आणली ती चांदणी नावाच्या एका घोडीने. त्या घोडीचा मी अपराधी आहे. म्हणून ही हकीकत मी लपवून ठेवणार नाही.

आमची पाहुणी

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पंढरपुराकडचा एक घोडेवाला आपली पांढरी घोडी घेऊन आमच्या किनाऱ्यावर आला. लग्नाच्या वरातींवर पोट भरेना, तेव्हा पर्यटकांच्या मुलांना वाळूवरून फिरवून आणावे असा त्याचा बेत. रात्री तो घोडी आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत बांधी. खाली चिऱ्याची कठीण जमीन, वर माडाच्या झावळ्यांचे छप्पर. आळीतली पोरे त्याला ‘घोडेवाले मामा’ म्हणू लागली.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. रोज संध्याकाळी ती तळहातावर गुळाचा खडा ठेवून कुंपणाशी उभी राही आणि चांदणी आपल्या मऊ ओठांनी तो अलगद उचलून घेई. ते दृश्य इतके गोजिरवाणे की, मीसुद्धा कधीकधी डब्यातून दुसरा खडा काढून देत असे. मग सौ.नी उरलेल्या पोळ्या देण्यास प्रारंभ केला. शेजारून पेज आली, पाव आला, पिकलेली केळी आली. किनाऱ्यावर पर्यटक बिस्किटे चारीत ते वेगळेच. अतिथी देव असतो हे वचन आम्ही त्या घोडीच्या बाबतीत अगदी अक्षरशः पाळले.

दोन महिन्यांत चांदणी गोल झाली. बरगड्या दिसेनाशा झाल्या आणि मानेवर आयाळीच्या मुळाशी चरबीचा एक जाड वळ उभा राहिला. जो तो कौतुक करी. शेजारच्या आजी म्हणाल्या, “हयचा पाणी मानवला तिका!” आम्हां सर्वांना धन्य वाटले.

आणि डिसेंबरातल्या एका सकाळी घोडेवाला दारात उभा राहिला. “सर, घोडी पाय उचलंना.”

मी जाऊन पाहिले. चांदणी पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती; जणू समोर विस्तव पसरला आहे आणि तिला मागे सरकायचे आहे. घोडेवाल्याने लगाम ओढला, तेव्हा ती काचांवरून चालावे तशी दोन पावले चालली आणि थांबली. “थोडी चालवली की मोकळी होईल,” असे त्याचे मत. मीही मान डोलावली. दोघांचेही चुकले होते हे तासाभरात कळले.

तालुक्याचे पशुवैद्य आले. त्यांचा दिवस गाई-म्हशींत आणि कुत्र्यामांजरांत जायचा. पण विद्या ती विद्या. त्यांनी चारही खुरांवर तळहात ठेवून पाहिले. पुढचे दोन चांगलेच तापलेले होते. मग खुराच्या वर, मागल्या अंगाला बोटे ठेवून नाडी पाहिली. निरोगी घोड्याची ही नाडी शोधावी लागते. चांदणीची नाडी बोटाला धडका देत होती.

“हिला चालवू नका. एक पाऊलसुद्धा नको,” डॉक्टर म्हणाले आणि मग त्यांनी विचारले, “हिला खायला काय काय घालता?”

घोडेवाल्याने चंदीचे हरभरे सांगितले, कोंडा सांगितला. गुळाचे त्याला पुरते ठाऊकच नव्हते. मला ठाऊक होते; पण मी गप्प राहिलो.

अळंबीचे पापुद्रे

या रोगाला पशुवैद्य ‘लॅमिनायटिस’ म्हणतात. लॅमिना म्हणजे पातळ पडदा किंवा पापुद्रा. हा रोग समजण्यासाठी घोड्याचा पाय आतून कसा असतो ते पाहिले पाहिजे.

आपण ज्याला घोड्याचा गुडघा म्हणतो तो शरीरशास्त्राप्रमाणे त्याचे मनगट आहे आणि खूर म्हणजे त्याच्या मधल्या बोटाचे नख. म्हणजे तीन-चारशे किलोंचा हा प्राणी चार नखांवर उभा असतो, आणि त्यातही अधिक भार पुढच्या दोन पायांवर! या नखाच्या आत बोटाचे शेवटचे हाड असते. ते हाड नुसते तळव्यावर टेकलेले नसते, तर खुराच्या भिंतीला आतून टांगलेले असते. कशाने? तर पापुद्र्यांनी. पावसाळ्यात रानात उगवणारी अळंबी उलटी करून पाहा. तिच्या पोटात दाट पापुद्रे दिसतात. तसेच साडेपाचशे-सहाशे पापुद्रे एकेका खुरात असतात आणि त्या प्रत्येकाला पुन्हा शंभरावर बारीक उपपापुद्रे. हाडाकडचे पापुद्रे आणि भिंतीकडचे पापुद्रे एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतवावीत तसे गुंतलेले असतात. ते सारे उलगडून पसरले तर एकेका खुरात जवळजवळ एक चौरस मीटर जागा भरेल.

हे पापुद्रे ताणले गेले, सुजले की त्यांची पकड सुटू लागते. वरून शरीराचा भार आणि खालून जमिनीचा रेटा. मग हाड आपल्या जागेवरून फिरते, खचते. क्वचित ते तळव्यातून बाहेर येते, आणि मग त्या जनावराला यातनांतून सोडविण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. १९७३ साली अमेरिकेतील तीन मोठ्या शर्यती जिंकणारा सेक्रेटेरियट हा घोडा १९८९ साली याच रोगाने गेला. बार्बारो या घोड्याचा मागचा पाय २००६ साली शर्यतीत मोडला. तो पाय शस्त्रक्रियेने सांधला. पण भार दुसऱ्या पायांवर पडला, त्यांत हा रोग शिरला आणि २००७ च्या जानेवारीत त्याला चिरनिद्रा द्यावी लागली. लक्षावधी डॉलरांच्या घोड्यांची ही गत, तर आमच्या चांदणीची काय कथा!

साखर ठीक, तरी रोग

या रोगाच्या वाटा अनेक आहेत. घोड्याने धान्याचे पोते फोडून भरमसाट दाणे खाल्ले, तर ते मोठ्या आतड्यात आंबतात आणि त्यातले विष रक्तावाटे खुरापर्यंत पोहोचते. व्यायल्यावर घोडीची वार आत राहिली तरीही हे घडते. परंतु सर्वांत अधिक आढळणारी वाट निराळी आहे. ती इन्शुलिनची.

इन्शुलिन हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. १९२१ साली कॅनडातील टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळे केले आणि पुढच्याच वर्षी मधुमेहाच्या रोग्याला ते प्रथम टोचले गेले. आमच्या घरी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते रोज टोचावे लागते. तेव्हा घोडीच्या रक्ताचा नमुना शहरातील प्रयोगशाळेत गेला, त्या वेळी मला वाटले, आता कळेल, हिला मधुमेह झाला आहे.

उत्तर आले ते चकित करणारे. साखर ठीक, इन्शुलिन मात्र भलतेच चढलेले.

डॉक्टरांनी ते असे समजावून सांगितले. गोड किंवा पिष्टमय खाणे पोटात गेले की रक्तातील साखर वाढते आणि ती पेशींत पोहोचविण्यासाठी स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. अंगावर चरबी चढली की पेशी इन्शुलिनचे ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी सोडते. माणसाच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे राबून थकते, साखर वाढते आणि मधुमेह उघडकीला येतो. घोड्याचे स्वादुपिंड बहुधा थकत नाही. ते इन्शुलिनचा पूर सोडीतच राहते आणि साखर आटोक्यात ठेवते. म्हणूनच नुसती साखर तपासून निर्धास्त होणे धोक्याचे.

पण इन्शुलिनचा खुराशी काय संबंध? हे कोडे २००७ साली ऑस्ट्रेलियात सुटले. तेथील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या शिरेतून इन्शुलिन सतत दिले आणि जोडीला ग्लुकोज देऊन रक्तातील साखर नेहमीइतकीच राखली. तीन दिवसांच्या आत त्या तट्टांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे साखर नव्हे, तर चढलेले इन्शुलिनच खुरातील पापुद्र्यांची पकड सैल करते.

थोड्या चाऱ्यावर भागवणारी काटक तट्टे याला लवकर बळी पडतात. माळरानावर जे शरीर काडी-काडी साठवून तगते, तेच शरीर सुकाळात साठवणे थांबवीत नाही. चांगल्या गुणाचाच असा दोष होतो. पंधरा-वीस वर्षांच्या म्हाताऱ्या घोड्यांत मेंदूखालच्या एका ग्रंथीच्या बिघाडानेही इन्शुलिन चढते. अशा घोड्याचे लांब केस उन्हाळा आला तरी गळत नाहीत, ही त्याची खूण. त्यावर औषध आहे.

जुन्यांना ठाऊक होते

इन्शुलिन हा शब्द नव्हता तेव्हाही जाणत्यांनी या रोगाचे मूळ दाण्यात ओळखले होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांकडे घोड्याच्या एका दुखण्याला ‘जवाचा रोग’ असेच नाव होते. ॲरिस्टॉटलने त्याचा उल्लेख केला आहे. तेराव्या शतकात तमिळ किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोने लिहून ठेवले की, इथे समुद्रमार्गे हजारो घोडे येतात आणि त्यांना शिजवलेला भात आणि मांस चारतात. हेळसांडीने त्यांतले बहुतेक मरतात. भात हा घोड्याच्या पोटाचा धर्म नव्हे. आमच्या शेजारची पेज मला तेव्हा आठवली!

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्याची प्रत पाहून त्याचा शिधा मापाने ठरवून दिलेला आहे, आणि शरीर रोडावले किंवा वाढले तर दोहोंवर इलाज करणे, ऋतूप्रमाणे आहार सांगणे, हे अश्ववैद्याचे काम मानले आहे. शरीर ‘वाढणे’ हीसुद्धा इलाज करण्याची गोष्ट, हे त्या काळी ठाऊक होते.

आणि शिवाजी महाराजांचे ते प्रसिद्ध पत्र! ते तर आपल्या कोकणातलेच. १६७० नंतरच्या दशकात चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना महाराज बजावतात की, दाणा-वैरण आताच मनास येईल तशी उधळाल तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. हे पत्र मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. ते समजावताना माझा गळा भरून येई. पण ‘घोडी तुम्हीच मारलीत’ हा ठपका एके दिवशी आपल्या दाराशी येईल, असे कधी वाटले नव्हते. त्या वेळी भीती उपासमारीची होती, आज अतिपोषणाची. दोन्हींवर औषध एकच. मापाने देणे.

मासळीचा बर्फ

डॉक्टरांनी वेदना कमी करणारे औषध टोचले आणि आम्हांला कामाला लावले. पहिल्या दोन-तीन दिवसांत खुरे सतत थंड ठेवावी लागतात. मालवणात बर्फाला काय तोटा? मासळीच्या गाडीवरचा बर्फ आला आणि चांदणीचे पुढचे पाय बर्फाच्या पाण्याच्या पसरट टपांत उभे राहिले. चिऱ्याच्या जमिनीवर आम्ही वीतभर जाड वाळू पसरली, म्हणजे तळव्याला सर्वत्र आधार मिळेल आणि तिला बसताही येईल.

चंदी, गूळ, पाव, केळी, सारे बंद. पण उपासही नाही. लठ्ठ तट्टाचे खाणे एकदम तोडले तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होते. म्हणून वाळलेले गवत वजनाच्या दीड टक्का द्यायचे. चांदणी अंदाजे २८० किलो; म्हणजे दिवसाला ४ किलोंच्या थोडे वर, तेही चार वेळा विभागून. मासळीच्या काट्यावर गवत तोलायचे, तासभर पाण्यात भिजवायचे, म्हणजे त्यातली बरीच साखर विरघळते, आणि ते पाणी फेकून द्यायचे. जोडीला मीठ आणि क्षार. गवत सावकाश खाल्ले जावे म्हणून बारीक भोकांची जाळी हवी होती. ती जाड दोरीची विणून दिली शेजारच्या रापणकरांनी. “घोडयेक जाळा! ह्या मी पयल्यांदाच आयकतंय,” असे म्हणत म्हणत त्यांनी गाठी मारल्या. पाय अडकू नये म्हणून ती जाळी उंचावर बांधली.

तिसऱ्या रात्री मी आणि घोडेवाला बर्फ बदलीत बसलो होतो. चांदणीच्या नाकपुड्या दुःखाने फुललेल्या. मला राहवेना. मी म्हणालो, “मामा, दोष माझा आहे. आमच्या घरातून तिला रोज गूळ जात होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी बोललो नाही.”

तो बराच वेळ बोलला नाही. या घोडीवर त्याच्या घरची पाच माणसे जगत होती आणि ऐन हंगाम बुडाला होता. मग म्हणाला, “सर, एकट्या तुमच्या गुळानं नाय झालं. मीबी चंदी वाढवली व्हती. गिऱ्हाईक म्हनतं, वाळकी घोडी नको. घोडी भरली तसं माजं गिऱ्हाईक भरलं.”

वाचकहो, त्या एका वाक्यात या रोगाचे अर्धे मूळ आहे. आपल्याकडे भरलेले अंग म्हणजे खात्यापित्या घरचे! बरगडी दिसली की माणूस हळहळतो, आणि मानेवर चरबीचा वळ दिसला की त्यावरून हात फिरवतो. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, “हे पहिल्या दिवशी सांगायचं, सर. औषधाइतकंच ते महत्त्वाचं असतं.”

तुम्ही काय करू शकता

तुमच्यापैकी फार थोड्यांच्या दारात घोडा असेल. पण सुटीत तुम्ही माथेरानला जाता, महाबळेश्वरला जाता. मुले घोड्यावर बसण्याचा हट्ट धरतात. लग्नात नवरदेव घोड्यावर चढतो. तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा.

घोडेवाल्याला विचारल्याशिवाय घोड्याला काहीही चारू नका. बिस्किट, पाव आणि गूळ तर नकोच. बसण्यापूर्वी त्याची चाल पाहा. कठीण जमिनीवर तो आखूड पावले टाकीत असेल, वळताना अडखळत असेल, उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलीत असेल, तर त्याच्यावर बसू नका आणि ते मालकाला सांगा. खुरावर आडव्या वळ्या दिसल्या आणि त्या टाचेकडे रुंद होत गेलेल्या असल्या, तर हा रोग पूर्वी येऊन गेला असण्याचा संभव असतो. आणि लठ्ठ घोड्याचे कौतुक करू नका.

ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी बरगड्यांवरून हात फिरवावा. बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. गवत तोलून द्यावे. पाय निरोगी असतील तर रोज व्यायाम द्यावा, कारण त्याने इन्शुलिन ताळ्यावर येते. पाय दुखत असतील तर मात्र मुळीच चालवू नये. दर सहा-आठ आठवड्यांनी जाणत्या नालबंदाकडून खुरे छाटून घ्यावीत. आणि शंका येताच पशुवैद्याला बोलवावे. यात एकेक तास मोलाचा असतो.

चांदणी वाचली. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. पुढचा सगळा खूर नवा होण्यास नऊ महिने ते वर्ष लागते. पावसाळ्याच्या आधी घोडेवाला तिला टेम्पोत घालून गावी घेऊन गेला. त्याचा हंगाम बुडाला त्यातला काही भाग आळीने वर्गणी काढून भरून दिला. सगळा भरून निघाला नाही.

पुढच्या वर्षी वसुबारसेला तो पुन्हा दारात उभा राहिला. चांदणी सडपातळ झाली होती. रोगाच्या वेळची वळी खुरावर उतरत उतरत पार खाली, जमिनीजवळ आली होती. आता ती फक्त लहान मुलांना घेई, तेही वाळूवर. सौ.नी गाईबरोबर तिलाही कुंकू लावले. फराळाचे ताट बाहेर आले तेव्हा माझ्या मुलीने ते उचलून मुकाट्याने आत ठेवले, काटा आणला आणि किलोभर गवत तोलून जाळीत भरले.

ओसरीवर अण्णा बसले होते. त्यांच्या हातात करंजी होती. त्यांनी एकदा घोडीकडे पाहिले, एकदा नातीच्या हातातल्या काट्याकडे पाहिले, आणि अर्धी करंजी मोडून परत ताटात ठेवली.